न थकणाऱ्या बॅटरीचा ध्यास

थॉमस अल्वा एडिसन हे नाव उच्चारताच विजेचा दिवा डोळ्यांसमोर उभा राहतो. फार तर फोनोग्राफ आणि चलच्चित्रांची आठवण होते. मात्र या महान संशोधकाने आयुष्यातील जवळपास दहा वर्षे ज्या एका वस्तूवर खर्ची घातली, ती वस्तू वेगळीच होती. पुन्हापुन्हा चार्ज करता येईल, दणके सोसेल आणि वापरणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे लवकर निकामी होणार नाही, अशी बॅटरी त्यांना हवी होती. मोबाइल रात्रभर चार्जिंगला ठेवावा की नाही, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरू द्यावी की नाही, हे प्रश्न आज घरोघरी विचारले जातात. एडिसन यांच्या काळात मोबाइल नव्हता. पण चार्जिंगच्या सवयी आणि बॅटरीचे आयुष्य यांचे नाते तेव्हाही तितकेच नाजूक होते.

ओहायो राज्यातील मिलान या गावी ११ फेब्रुवारी १८४७ रोजी एडिसन यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम काही महिन्यांचे. पुढचे शिक्षण आई नॅन्सी यांनी घरीच दिले. ऐकू कमी येत असे आणि हे व्यंग आयुष्यभर सोबत राहिले. पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइट या रेल्वेमार्गावर वर्तमानपत्रे विकणाऱ्या या मुलाने १८६२ मध्ये एका स्टेशनमास्तरांच्या लहानग्याला गाडीखाली सापडण्यापासून वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरांनी त्यांना तारयंत्राचे काम शिकवले. त्या काळी तारयंत्रे बॅटरीवर चालत. त्यामुळे बॅटरीची आणि एडिसन यांची गाठ किशोरवयातच पडली.

ही ओळख सुरुवातीला महागात पडली. लुईव्हिल येथे तारमास्तर म्हणून काम करताना १८६७ मध्ये एका रात्री ते शिसे-आम्ल बॅटरीशी प्रयोग करीत होते. गंधकाम्ल जमिनीवर सांडले, लाकडी फळ्यांच्या फटींतून खाली झिरपले आणि थेट वरिष्ठांच्या टेबलावर पडले. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली. पुढे तीन दशकांनी त्याच आम्लाला आणि शिशाला पर्याय शोधण्यासाठी ते कंबर कसून उभे राहणार होते.

मधल्या काळातील यशाची कहाणी सर्वश्रुत आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये विजेचा दिवा, १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील वीजनिर्मिती केंद्र. गंमत म्हणजे या काळात एडिसन यांचा बॅटरीवर विश्वास नव्हता. वीज साठवण्याच्या नावाखाली गुंतवणूकदारांची फसवणूक चालते, असे मत त्यांनी १८८० च्या दशकात जाहीरपणे मांडले होते. त्यानंतर लोहखनिज वेगळे करण्याच्या उद्योगात त्यांनी आपली बरीचशी संपत्ती गमावली. पन्नाशी उलटलेला दुसरा कोणी या टप्प्यावर शांतपणे निवृत्त झाला असता. एडिसन यांनी १८९९ मध्ये बॅटरीचे संशोधन हाती घेतले.

त्यामागचे कारण रस्त्यावर दिसत होते. १९०० च्या सुमारास अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या. त्या आवाज करीत नसत, धूर सोडीत नसत आणि सुरू करण्यासाठी दांडा फिरवण्याची कसरतही करावी लागत नसे. अडचण होती ती बॅटरीची. शिसे-आम्ल बॅटरी जड तर होतीच, शिवाय तिचे आयुष्य वापरणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून होते. ती उतरलेल्या अवस्थेत बराच काळ तशीच ठेवली तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची वीज साठवण्याची क्षमता कायमची घटते. प्रमाणाबाहेर चार्ज केली तर पाणी आटते आणि पट्ट्यांवरील द्रव्य झडू लागते. घरातील इन्व्हर्टरच्या बॅटरीत वेळेवर डिस्टिल्ड वॉटर न टाकणाऱ्यांना हा अनुभव आजही येतो.

एडिसन यांनी आम्लाचा मार्गच सोडून दिला. त्यांनी लोखंड आणि निकेल ही जोडी निवडली आणि आम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे क्षारयुक्त द्रावण घेतले. या रचनेचा मोठा गुण असा, की चार्ज होताना व उतरताना दोन्ही बाजूंची द्रव्ये द्रावणात जवळजवळ विरघळत नाहीत. ती आपल्या जागी राहूनच रूप पालटतात. त्यामुळे झीज फार कमी होते. स्वीडनमध्ये वाल्देमार युंगनर हे संशोधकही याच सुमारास निकेलवर आधारलेल्या बॅटऱ्यांवर काम करीत होते. दोघांमध्ये पेटंटवरून वाद झाले. एडिसन यांच्याकडे पैसा आणि प्रसिद्धी होती, युंगनर यांच्याकडे दोन्ही बेताचेच. या शोधाचे श्रेय एकट्या एडिसन यांच्या पदरात टाकणे म्हणूनच न्याय्य ठरणार नाही.

१९०१ मध्ये एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी स्थापन झाली. नव्या बॅटरीचे गुणगान वर्तमानपत्रांतून झाले, त्यात एडिसन स्वतःही मागे नव्हते. १९०३ पासून ‘ई’ प्रकारच्या बॅटऱ्या बाजारात आल्या. थोड्याच काळात तक्रारी सुरू झाल्या. डब्यांच्या सांध्यांतून द्रावण गळू लागले. वीज नीट वाहावी म्हणून निकेलच्या द्रव्यात मिसळलेले ग्रॅफाइट टिकेना आणि बॅटरीची क्षमता भराभर उतरू लागली. दीर्घायुष्याचे आश्वासन देणारी बॅटरीच अल्पायुषी ठरत होती.

एडिसन यांच्या चरित्रातील खरा कसोटीचा क्षण हा होता. मागणी असूनही त्यांनी उत्पादन थांबवले, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि त्याचा आर्थिक भार स्वतः उचलला. ग्राहकाने नीट चार्ज केली नाही, असे सांगून हात झटकणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी दोष बॅटरीत शोधला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे वेस्ट ऑरेंज येथील प्रयोगशाळेत अक्षरशः हजारो प्रयोग झाले. बॅटऱ्या वाहनांत बसवून खडबडीत रस्त्यांवरून फिरवल्या गेल्या, यंत्रांवर आदळल्या गेल्या. इमारतीच्या वरच्या मजल्यावरूनही त्या खाली टाकल्या जात, असे सांगितले जाते.

उत्तर हळूहळू सापडले. ग्रॅफाइटच्या जागी निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे आले. तांबे आणि निकेल यांचे थर एकावर एक चढवायचे, मग तांबे विरघळवून टाकायचे आणि उरलेले निकेलचे पापुद्रे वापरायचे, अशी ती युक्ती होती. सच्छिद्र पोलादी नळ्यांत निकेल हायड्रॉक्साइड आणि हे पापुद्रे यांचे शेकडो थर आळीपाळीने ठासून भरले जात. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळल्यास बॅटरीची क्षमता सुधारते, हेही एडिसन यांच्या लक्षात आले. आजच्या मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरीची रचना अगदी वेगळी आहे. तरीही लिथियम हा शब्द बॅटरीच्या इतिहासात इतक्या लवकर आला होता, हे अनेकांना ठाऊक नसते.

१९०९ मध्ये सुधारित ‘ए’ प्रकारची बॅटरी बाजारात आली. ती महिनोन्‌महिने उतरलेल्या अवस्थेत ठेवली, प्रमाणाबाहेर चार्ज केली, तरी सहसा दगावत नसे. पाण्याची पातळी राखली आणि अधूनमधून द्रावण बदलले, की ती वर्षानुवर्षे चालत असे. काही तर अनेक दशके चालल्या. एडिसन यांनी मनाशी धरलेली बॅटरी अखेर तयार झाली होती.

मात्र जिच्यासाठी ती तयार झाली, ती विजेची मोटार तोवर मागे पडू लागली होती. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये आली आणि तिची किंमत पुढे उतरत गेली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला आणि दांडा फिरवण्याची कटकटही संपली. या स्टार्टरला एका दमात भरपूर वीज लागत असे. एडिसन यांची बॅटरी तेवढी वीज झटकन देऊ शकत नव्हती आणि थंडीत तर ती आणखीच मंदावत असे. ज्या शिसे-आम्ल बॅटरीला हटवायचे होते, तिनेच पेट्रोलच्या मोटारीत कायमचे घर केले. फोर्ड आणि एडिसन या मित्रांनी स्वस्त विजेच्या मोटारीची योजना आखली, १९१४ मध्ये तिची वाच्यताही झाली. पण ती मोटार रस्त्यावर कधीच आली नाही.

दणकटपणाचीही एक किंमत होती. ही बॅटरी चार्ज होताना भरपूर हायड्रोजन वायू सोडते. पाणबुड्यांमध्ये शिसे-आम्ल बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले की विषारी क्लोरीन तयार होण्याचा धोका असे. म्हणून अमेरिकी नौदलाने एडिसन यांची बॅटरी ‘ई-२’ या पाणबुडीत बसवली. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या नौदल गोदीत या पाणबुडीत साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि काही जणांना प्राण गमवावे लागले. वायुवीजन अपुरे होते, असा बचाव एडिसन यांच्या बाजूने करण्यात आला. पण पाणबुडीतील बंदिस्त जागेत वायू साठणार, याचा विचार आधीच व्हायला हवा होता. वापरणाऱ्याच्या चुका सोसणारी बॅटरी बनवणाऱ्या माणसाकडून झालेली ही चूक मनाला चटका लावून जाते.

बॅटरीला खरा आधार दिला तो झगमगाटापासून दूर असलेल्या जगाने. रेल्वेचे सिग्नल, डब्यांतील दिवे, मालवाहू विजेच्या गाड्या यांत ती रुजली. १९१४-१५ च्या सुमारास खाणकामगारांच्या टोपीवरील विजेच्या दिव्यासाठी तिचा वापर सुरू झाला. उघड्या ज्योतीमुळे खाणींत स्फोट होत. कमरेला बॅटरी आणि टोपीवर दिवा आल्यावर तो धोका कमी झाला. पाळी संपली की दिवा चार्जिंगला लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन खाणीत उतरायचे, हा त्या कामगारांचा नेम झाला. अंगावर बाळगण्याच्या उपकरणाला रोज चार्ज करण्याची आजची सवय त्या नेमाहून फार निराळी नाही.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथील निवासस्थानी एडिसन यांचे निधन झाले. त्यांच्या नावावरील १०९३ अमेरिकी पेटंटांपैकी १४१ पेटंट बॅटरीशी संबंधित आहेत. त्यांच्या उत्तरायुष्यात बॅटरीचा व्यवसाय चांगला नफा देणारा ठरला. १९७२ मध्ये तो एक्साइड कंपनीकडे गेला आणि १९७५ मध्ये उत्पादन थांबले.

युंगनर यांची निकेल-कॅडमियम बॅटरी मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी पोहोचली. अर्धवट उतरलेली असताना वारंवार चार्ज केल्यास तिची क्षमता घटते, या समजापोटी बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करण्याची सवय लोकांना लागली. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीला ही सवय उलट मारक आहे. तिला पूर्ण उतरणे सोसत नाही आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्ण जागी पडून राहणेही सोसत नाही. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवली आणि उन्हापासून जपली तर ती अधिक टिकते. हलकेपणा आणि साठवणक्षमता यांत एडिसन यांची बॅटरी तिच्या जवळपासही पोहोचत नाही. सहनशीलतेत मात्र ती वरचढ आहे.

अलीकडे अनेक फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आली आहे. वापरणारा चुकणार हे गृहीत धरून उपकरणानेच काळजी घ्यावी, हा विचार त्यामागे आहे. सदोष बॅटऱ्या परत मागवून एडिसन पुन्हा प्रयोगशाळेत शिरले, तेव्हा त्यांच्याही मनात हाच विचार होता.