एक्सप्लेनर : नागपूरचे सी. के. नायडू इंदूरचे ‘कर्नल’ कसे झाले?

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरकर. मग त्यांचे नाव इंदूरशी का जोडले जाते? आणि क्रिकेटपटूच्या नावापुढे ‘कर्नल’ कुठून आले? उत्तर एका प्रश्नात दडले आहे : त्या काळी खेळाडूला पगार कोण देत होते?

सुरुवात कुठे झाली?

कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. आजोबा इथले वकील. शिक्षण हिस्लॉप कॉलेजिएट शाळेत. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून त्यांनी प्रथम श्रेणी पदार्पण केले.

पोटापाण्याचे काय?

तेव्हा आयपीएल नव्हती, वार्षिक करारही नव्हते. इंग्लंडमध्ये काउंटी क्लब व्यावसायिक खेळाडूंना पैसे देत. भारतात ती जबाबदारी बऱ्याच अंशी संस्थानिकांनी उचलली. चांगल्या खेळाडूला दरबारात किंवा फौजेत हुद्दा मिळे. १९२३ मध्ये होळकरांनी नायडूंना इंदूरला बोलावले आणि आपल्या फौजेत कॅप्टन केले. ‘कर्नल’ ही ओळख याच नोकरीतून पुढे आली.

देशभर नाव कधी झाले?

१ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा कुटल्या. त्यात ११ षटकार होते. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. कसोटीत मात्र ते बाजूला राहिले आणि नेतृत्व नायडूंकडे आले. भारत हरला, पण पहिल्या डावात संघाच्या सर्वाधिक ४० धावा नायडूंच्याच होत्या.

होळकर संघ इतका मोठा का?

इंदूरच्या आश्रयाने तगडा संघ उभा राहिला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, नायडूंचे धाकटे बंधू सी. एस. आणि नागपुरातच जन्मलेले हिरालाल गायकवाड हे त्यातले काही. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत होळकर संघ रणजीच्या १० अंतिम सामन्यांत खेळला आणि चार वेळा जिंकला. १९४५-४६ च्या पहिल्या विजेतेपदावेळी पन्नाशीतल्या नायडूंनी बडोद्याविरुद्ध अंतिम सामन्यात २०० धावा केल्या.

मग हा संघ गेला कुठे?

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राजाश्रय संपला आणि १९५५ मध्ये रणजीतून ‘होळकर’ हे नावही गेले. नायडू थांबले नाहीत. १९५६-५७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. १९५६ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या नावाच्या करंडकासाठी देशभरातील २३ वर्षांखालील मुले खेळतात. त्यांना सामन्याचे मानधन क्रिकेट मंडळ देते. नायडूंना त्यासाठी आपले शहर सोडावे लागले होते.