सुभाष गुप्ते : पाटा खेळपट्ट्यांवरचा एकाकी शिलेदार

भारतीय क्रिकेटमध्ये १९५० च्या दशकात कसोटी सामना जिंकण्यापेक्षा तो न हरण्याला अधिक मोल होते. मोहम्मद निसार आणि अमरसिंग यांच्यानंतर संघाकडे खरा वेगवान गोलंदाज उरला नव्हता. नव्या चेंडूची लकाकी मध्यमगती गोलंदाज चार-सहा षटकांत घालवत आणि मग फिरकी गोलंदाजांना दिवसभर राबावे लागे. खेळपट्ट्याही अशा की, चेंडू ना उसळे, ना वळे. फलंदाजाने ठरवून विकेट फेकली नाही, तर गोलंदाजाच्या हाती घामाशिवाय काही लागत नसे. अशा काळात ३६ कसोटी सामन्यांत १४९ बळी घेणारा लेगस्पिनर मुंबईत जन्माला आला. सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते हे त्याचे नाव. पाटा खेळपट्ट्यांनी त्यांची कारकीर्द संपवता आली नाही. ती संपली एका बैठकीतील निर्णयाने, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. शरीरयष्टी लहानखुरी, पण मनगट विलक्षण लवचिक. निर्जीव खेळपट्टीवर फिरकी गोलंदाजाला जमिनीची मदत मिळत नाही. त्याला फलंदाजाला हवेतच फसवावे लागते. गुप्ते यांचे सारे सामर्थ्य तेथेच होते. चेंडूला भरपूर उंची देऊन ते फलंदाजाला पुढे ओढत आणि चेंडू अपेक्षेपेक्षा आधीच खाली उतरे. लेगब्रेकला फिरकी इतकी जबर की, दगडासारख्या खेळपट्टीवरही तो थोडाफार वळेच. त्यांच्याकडे गुगलीही एक नव्हे, तर दोन प्रकारच्या होत्या. एक गुगली ओळखली म्हणून निश्चिंत झालेला फलंदाज दुसऱ्या गुगलीवर फसत असे.

अशा गोलंदाजीची किंमतही मोजावी लागते. चेंडूला उंची देणारा गोलंदाज कधी ना कधी फटके खातो आणि त्याच्या गोलंदाजीवर झेल उडतात ते पकडणारे हात लागतात. त्या काळातील भारतीय क्षेत्ररक्षण या दुसऱ्या बाबतीत बरेच उणे होते. सामना वाचवण्याच्या चिंतेत असलेल्या कर्णधाराला आणि निवड समितीला धावा रोखणारा गोलंदाज अधिक सुरक्षित वाटे. बळी विकत घेणारा गोलंदाज ही चैन वाटत असे. गुप्ते यांची पुढील दहा वर्षे याच ताणाखाली गेली.

इंग्लंडविरुद्ध १९५१-५२ च्या मालिकेत कोलकाता कसोटीत त्यांनी पदार्पण केले. मात्र १९५२ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांना स्थान नव्हते. लेगस्पिनर म्हणून सदू शिंदे गेले. त्याच वर्षअखेरीस पाकिस्तानविरुद्ध गुप्ते पुन्हा संघात आले आणि १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली. हा दौरा त्यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन महान फलंदाज भरात होते. वीक्स यांनी एकट्याने त्या मालिकेत ७१६ धावा काढल्या. पोर्ट ऑफ स्पेन येथे तेव्हा मॅटिंगवर कसोटी खेळली जाई आणि तेथे फलंदाजांचेच राज्य असे. पाचपैकी चार सामने अनिर्णित राहिले. तरीही पहिल्याच कसोटीत गुप्ते यांनी एका डावात १६२ धावांत ७ बळी घेतले आणि मालिकेअखेर त्यांच्या खात्यात २७ बळी जमा झाले. त्रिनिदादच्या विल्फ फर्ग्युसन या लेगस्पिनरच्या नावावरून त्यांना ‘फर्गी’ हे टोपणनाव मिळाले आणि ते अखेरपर्यंत टिकले. त्याच बेटावर त्यांची कॅरल यांच्याशी ओळख झाली. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या.

कंटाळवाण्या मालिकांचा कळस म्हणावा, तो भारताचा १९५४-५५ चा पाकिस्तान दौरा. ढाका, बहावलपूर, लाहोर, पेशावर आणि कराची येथे चार-चार दिवसांचे पाच सामने झाले आणि पाचही अनिर्णित राहिले. पाच कसोट्यांच्या मालिकेत एकही सामना निकाली न निघण्याची कसोटी क्रिकेटमधील ती पहिलीच वेळ. फाळणीला जेमतेम सात वर्षे झाली होती. पराभव घेऊन मायदेशी परतण्याची तयारी विनू मंकड यांची नव्हती, तशी अब्दुल हफीझ कारदार यांचीही नव्हती. फलंदाज तासन्‌तास चेंडू तटवत राहिले आणि प्रेक्षक कंटाळले.

या नीरस मालिकेतही गुप्ते यांनी २१ बळी घेतले. ढाक्यात पाकिस्तानच्या दुसऱ्या डावात त्यांनी अवघ्या १८ धावांत ५ जणांना बाद केले. लाहोरला मात्र ५ बळींसाठी त्यांना ७३ हून अधिक षटके टाकावी लागली आणि १३३ धावा मोजाव्या लागल्या. एकाच मालिकेतील हे दोन आकडे त्यांच्या वाट्याला आलेल्या कष्टांची कल्पना देतात. समोरचा फलंदाज धावांसाठी खेळतच नसेल, तर फसवायचे कोणाला, हा प्रश्न लेगस्पिनरला सर्वाधिक छळतो. त्याच मोसमात ब्रेबोर्न स्टेडियमवर पाकिस्तान सर्व्हिसेस आणि बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना त्यांनी ७८ धावांत डावातील सर्व १० बळी मिळवले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय.

पुढच्याच मोसमात न्यूझीलंडचा संघ भारतात आला. दिल्ली कसोटीत दोन्ही संघांनी मिळून १०९३ धावा केल्या आणि संपूर्ण सामन्यात केवळ १० गडी बाद झाले. खेळपट्टी किती निर्जीव असावी, याचा तो नमुना होता. हैदराबादलाही फारसे निराळे चित्र नव्हते. तेथे भारताने ४ बाद ४९८ वर डाव घोषित केला, तरी सामना अनिर्णित राहिला. पण न्यूझीलंडच्या पहिल्या डावातील १० पैकी ७ बळी गुप्ते यांनी १२८ धावांत घेतले होते. मुंबई आणि चेन्नईचे सामने जिंकून भारताने ही मालिका २-० अशी खिशात घातली. मालिका स्मरणात राहिली, ती चेन्नईतील मंकड आणि पंकज रॉय यांच्या ४१३ धावांच्या सलामीमुळे. गुप्ते यांचे ३४ बळी त्यामानाने झाकोळले गेले. धावांचे डोंगर कितीही उभे केले, तरी समोरच्या संघाला दोनदा बाद केल्याशिवाय सामना जिंकता येत नाही आणि ते काम प्रामुख्याने त्यांनी केले होते.

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कारकिर्दीतील सर्वोच्च कामगिरी केली. पाहुण्यांचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला आणि त्यात गुप्ते यांचे १०२ धावांत ९ बळी होते. कसोटीच्या एका डावात ९ बळी घेणारे ते पहिले भारतीय. उरलेला एक बळी पदार्पण करणाऱ्या वसंत रांजणे यांच्या नावावर लागला. यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून लान्स गिब्ज यांचा झेल सुटला नसता, तर दहाच्या दहा बळी गुप्ते यांचे झाले असते. सोबर्स यांनी दुसऱ्या डावात १९८ धावा फटकावल्या आणि भारताने तो सामना २०३ धावांनी गमावला. त्या एका मालिकेत भारताने चार कर्णधार बदलले. निवडीतील गोंधळ किती पराकोटीला गेला होता, हे त्यावरून दिसते. या धामधुमीत पाचही कसोट्या खेळून गुप्ते यांनी २२ बळी मिळवले, पण ते महागडे ठरले.

इंग्लंडच्या १९५९ च्या दौऱ्यात भारत पाचही कसोट्या हरला. त्यानंतर १९५९-६० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मायदेशातील पाच सामन्यांपैकी एकाही सामन्यात गुप्ते दिसले नाहीत. पाकिस्तानचा संघ १९६०-६१ मध्ये भारतात आला, तेव्हा त्यांना तीन सामने मिळाले. चेन्नईच्या कसोटीत त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते यांनी पदार्पण केले. तीही मालिका पाच अनिर्णित सामन्यांची. दोन्ही देशांतील सलग १२ कसोट्या आता निकालाविना संपल्या होत्या. दोन अपयशी डावांनंतर लेगस्पिनरवर संशय घ्यायचा आणि पुढच्या निर्जीव खेळपट्टीवर बळी मिळेनात की त्यालाच पुन्हा बोलवायचे, असा हा क्रम होता.

त्यानंतर आली १९६१-६२ ची इंग्लंडविरुद्धची मालिका. मुंबईची पहिली कसोटी अनिर्णित राहिली. गुप्ते संघात नव्हते. कानपूरला त्यांना परत आणण्यात आले आणि त्यांनी पहिल्या डावात ९० धावांत ५ बळी घेतले. भारताविरुद्ध इंग्लंडवर फॉलोऑनची नामुष्की ओढवण्याची ती पहिलीच वेळ होती. दुसऱ्या डावात मात्र खेळपट्टीने गोलंदाजांना साथ दिली नाही. पुलर, बॅरिंग्टन आणि डेक्स्टर यांनी शतके ठोकली आणि सामना हातचा गेला. दिल्लीची तिसरी कसोटी पावसात वाहून गेली.

याच दिल्लीच्या मुक्कामात ती घटना घडली. गुप्ते यांच्या खोलीत राहणाऱ्या सहकारी खेळाडूने हॉटेलच्या स्वागतिकेला दूरध्वनी करून भेटण्याविषयी विचारले. तिने तक्रार केली आणि प्रकरण क्रिकेट मंडळापर्यंत पोहोचले. दूरध्वनी गुप्ते यांनी केलेला नव्हता. त्यांचा दोष इतकाच मानला गेला की, खोली त्यांचीही होती आणि त्यांनी सहकाऱ्याला रोखले नाही. मंडळाने दोघांनाही वगळले. शिस्तभंगाचा संशय पुरेसा मानला गेला. नुकतेच घेतलेले ५ बळी त्यांच्या उपयोगी पडले नाहीत.

त्यांच्याविना भारताने कोलकाता आणि चेन्नईचे सामने जिंकले. सलीम दुराणी यांनी या दोन सामन्यांत १८ बळी मिळवले आणि इंग्लंडविरुद्ध भारताने पहिल्यांदाच मालिका जिंकली. या आनंदात गुप्ते यांच्यावरील अन्यायाची आठवण ठेवण्याचे कारण कोणाला उरले नाही. काही आठवड्यांतच संघ वेस्ट इंडीजला रवाना झाला. ज्या भूमीवर गुप्ते यांनी २७ बळी घेतले होते आणि जेथे त्यांची सासुरवाडी होती, त्या दौऱ्यासाठीही त्यांना वगळण्यात आले. भारत ती मालिका ०-५ अशी हरला.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९६३-६४ मध्ये, इंग्लंडचा संघ पुन्हा भारतात आला आणि पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. चेन्नईला बापू नाडकर्णी यांनी सलग २१ निर्धाव षटके टाकली. अचूकतेचा तो विक्रम अजोड असला, तरी त्या डावात त्यांना एकही बळी मिळाला नाही. धावा रोखणारा उत्तम गोलंदाज संघाकडे होता. पाटा खेळपट्टीवर बळी विकत घेणारा गोलंदाज मात्र त्रिनिदादला निघून गेला होता. याच मालिकेत मुंबईला भागवत चंद्रशेखर या अठरा वर्षांच्या लेगस्पिनरने पदार्पण केले. गुप्ते यांची जागा भरून निघण्यास त्यांच्यामुळेच सुरुवात झाली.

गुप्ते यांनी पत्नीसह त्रिनिदादला कायमचे घर केले. प्रथम श्रेणीत त्यांनी ५३० बळी मिळवले. रणजी करंडकात ते मुंबईबरोबरच बंगाल आणि राजस्थानकडूनही खेळले. आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांमध्ये गुप्ते सर्वश्रेष्ठ होत, असे मत गॅरी सोबर्स यांनी वारंवार व्यक्त केले आणि शेन वॉर्न यांचा उदय झाल्यानंतरही ते बदलले नाही. भारतीय मंडळाने अखेरच्या वर्षांत सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला. पण १९६१ च्या त्या निर्णयाची भरपाई कोणताही पुरस्कार करू शकणार नव्हता.

भारताने एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे वेस्ट इंडीजला ३७ धावांनी हरवले. त्याच शहरात, ३१ मे २००२ रोजी, सुभाष गुप्ते यांनी अखेरचा श्वास घेतला. ४९ वर्षांपूर्वी तेथील मॅटिंगवर त्यांनी एका डावात ७ बळी घेतले होते. तो सामना अनिर्णित राहिला होता.