दोन विजय

मैदानावर दोन तुल्यबळ खेळाडू समोरासमोर आले की प्रेक्षकांचेही दोन गट पडतात. तिवसा-अमरावतीकडच्या कबड्डीच्या सामन्यांत आपण हे नेहमी पाहतो. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी क्रिकेटच्या मैदानावर अशीच एक चुरस रंगली होती. एका बाजूला होते विजय मर्चंट आणि दुसऱ्या बाजूला विजय हजारे.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळेत शिक्षक होते. आठ भावंडांत वाढलेले विजय स्वभावाने अबोल होते. त्यांची बॅट मात्र खूप बोलत असे.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि रेस्ट म्हणजे इतर, असे पाच संघ त्यांत खेळत. मर्चंट हिंदू संघात होते, तर हजारे रेस्ट संघात. या स्पर्धेतील सर्वांत मोठी खेळी मर्चंट यांच्या नावावर होती, नाबाद २४३ धावांची. १९४३ साली हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा काढून तो विक्रम मोडला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो परत मिळवला.

हिंदू संघाच्या ५८१ धावांपुढे रेस्ट संघ पहिल्या डावात १३३ धावांत गारद झाला. पराभव समोर दिसत होता, तरी हजारे डगमगले नाहीत. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या होत्या! त्यांनी आपला भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेकच्या धावा होत्या फक्त २१. पण तो एक बाजू धरून उभा राहिला, म्हणूनच हा पराक्रम घडला. रेस्ट संघ हरला. विक्रम मात्र पुन्हा हजारे यांचा झाला.

धर्मावरून संघ पाडणे महात्मा गांधींना मान्य नव्हते. १९४६ नंतर हे सामने बंद झाले. १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. हा जागतिक विक्रम २००६ सालापर्यंत टिकला.

१९४८ साली ॲडलेड येथे हजारे यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकावली. असे करणारे ते पहिले भारतीय होत.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. कर्णधार होते हजारे. या वेळी दोन्ही विजय एकाच संघातून खेळत होते. त्यांनी २११ धावांची भागीदारी केली. मर्चंट यांनी १५४, तर हजारे यांनी नाबाद १६४ धावा काढल्या. मर्चंट यांचा तो शेवटचा कसोटी सामना ठरला. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला.

मर्चंट १९८७ साली आणि हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी निधन पावले. आज सोळा वर्षांखालील मुले विजय मर्चंट करंडकासाठी खेळतात आणि मोठे खेळाडू विजय हजारे करंडकासाठी. एकाने विक्रम केला, म्हणून दुसऱ्याने त्याहून मोठा केला. चांगला प्रतिस्पर्धी शत्रू नसतो; तो आपल्याला मोठे करतो.

स्वाध्याय
१. रेस्ट संघ हरला, तरी हजारे यांचा खेळ लोकांच्या लक्षात का राहिला?
२. विवेकच्या २१ धावांचे महत्त्व तुमच्या शब्दांत सांगा.