वसईचे दुभाषी संत

संत गोन्सालो गार्सिया यांना आपण वसईचे हुतात्मे म्हणून ओळखतो. त्यांच्या भाषेच्या देणगीची आठवण क्वचितच काढतो. तरुणपणी येशूसंघीयांबरोबर जपानला जाऊन ते जपानी भाषा शिकले. पुढे व्यापारात त्यांचा जम बसला. पण देवासाठी तो सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन झाले, तेही साधे ब्रदर म्हणून. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी होऊन ते पुन्हा जपानला गेले. सत्ताधीश हिदेयोशीसमोर जीभ गोन्सालोंची, निरोप मात्र फादरांचा! चार शब्द बरे बोलता आले, की आपल्याला माईक सोडवत नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत हे दोघेही होते. १८६२ साली दोघेही एकाच दिवशी संत घोषित झाले.