पॅव्हलॉव्ह आणि भित्रा कुत्रा

रेल्वेच्या फलाटावर पोलिसांचा कुत्रा वास घेत फिरताना आपण पाहतो. कान टवकारलेले, मान पुढे, गळ्यातला पट्टा ताणलेला. हा कामाचा कुत्रा, असे आपण चटकन म्हणतो. त्याच फलाटावर बाकाखाली शेपूट पायांत घालून बसलेल्या कुत्र्यावर तितक्याच चटकन भित्रेपणाचा शिक्का मारतो. देहाच्या ठेवणीवरून आतली ऊर्मी ओळखता येते काय? या प्रश्नाशी अनेक वर्षे झुंजणारे एक शास्त्रज्ञ आपल्याला मानसशास्त्राच्या पुस्तकात भेटतात. पण घंटा आणि लाळ एवढ्यापुरतेच. ते म्हणजे इव्हान पेत्रोविच पॅव्हलॉव्ह.

रशियातील रियाझान गावी १८४९ साली एका धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचाच मार्ग धरायचा म्हणून धर्मशिक्षण सुरू झाले. पण विज्ञानाच्या वाचनाने मन पालटले आणि १८७० साली ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाले. पुढे बरीच वर्षे त्यांनी गरिबीत काढली. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रयोगांत एक गोष्ट ध्यानात आली होती. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न आणणाऱ्याची चाहूल लागताच, कुत्र्याला लाळ सुटते. येथून अभिसंधानाचा अभ्यास सुरू झाला.

प्रयोगासाठी कुत्र्याची निवड सुरुवातीला बाह्य रूपावरूनच होई. चपळ, सारखी हालचाल करणारा, दिसेल त्याच्याशी सलगी करणारा कुत्रा मज्जासंस्थेनेही तसाच जागा असणार, असा समज होता. परंतु असेच कुत्रे प्रयोगाच्या चौकटीत उभे केल्यावर चक्क पेंगू लागले! सभोवती सतत नवे काही घडत असेल तरच त्यांचा उत्साह टिके. एकसुरी कामात तो मावळे. उलट एक कुत्रा चौकटीत क्षणभरही स्थिर राहीना. ती भीती नसून बंधन झुगारण्याची उपजत ओढ आहे, असा निष्कर्ष पॅव्हलॉव्ह यांनी काढला. मग त्याला चौकटीतच अन्न देत देत, बऱ्याच दिवसांनी कामाला लावले.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला महापूर आला. पिंजऱ्यांत अडकलेल्या कुत्र्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काहींचे शिकवलेले सारे पुसले गेले. एका कुत्र्याची घडी पुन्हा बसली होती. पण दाराखालून नुसते पाणी आत सोडताच तो पुन्हा बिथरला. वरून धडधाकट दिसणाऱ्या देहात काय साठलेले असते, हे यातून उमगले.

सर्वांत मोठा धडा मात्र उतारवयात मिळाला. शेपूट पायांत घालणारा, भिंतीच्या कडेने चालणारा कुत्रा जन्मतःच दुबळ्या प्रकृतीचा, असे पॅव्हलॉव्ह दीर्घकाळ मानत आले होते. १९३० नंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पिल्ले पिंजऱ्यात व काही मोकळी वाढवली. पिंजऱ्यातली पिल्ले मोठी होऊन भित्री निघाली. त्यांतल्या कित्येकांची मज्जासंस्था तपासली तेव्हा ती बळकट ठरली! म्हणजे भित्रेपणा प्रकृतीचा नव्हता, पिंजऱ्याचा होता. ऐंशी ओलांडलेल्या, जगन्मान्य पॅव्हलॉव्ह यांनी आपले जुने मत बदलले.

या ज्ञानाची किंमत कुत्र्यांनी शस्त्रक्रियांच्या वेदना सोसून मोजली, हे विसरता येत नाही. त्यांच्या स्मरणार्थ १९३५ साली लेनिनग्राडच्या संस्थेत श्वानाचे स्मारक उभारले गेले. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी पॅव्हलॉव्ह निवर्तले.

आजही कामासाठी कुत्रा निवडताना त्याचे कान, शेपूट, नजर पाहतात, आणि ते पाहायलाच हवे. पण ती खूण त्या क्षणाची असते. तीत प्रकृती किती आणि पिंजरा किती, हे कामाला लावून, वेळ देऊनच कळते. आपल्या वर्गातही शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा एखादा असतो. प्रश्न विचारला की तो उठतो, चाचरतो, बसतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मनातल्या मनात शेरा मारण्यापूर्वी, तो कोणत्या पिंजऱ्यातून येथवर आला, हे आपण, विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनीही, एकदा तरी विचारले आहे काय?