दंतपीडितांचे मित्र : फॉर्मोसा बेटाचे जॉर्ज लेस्ली मॅके

दाढदुखीचे दुःख किती असह्य असते, हे ज्याने भोगले त्यासच ठाऊक. ताप आला तर मनुष्य घोंगडी पांघरून पडून राहतो. परंतु दाढ ठणकू लागली म्हणजे त्यास ना निजवते, ना बसवते, ना भाकरीचा तुकडा चाववतो. शिरपुराहून उत्तरेस सातपुड्याकडे गेले असता पाड्यापाड्यांतून गाल धरून बसलेले स्त्रीपुरुष कोणत्या उपदेशकाने पाहिले नसतील? कोणी लवंग चावतो, कोणी हिंगाचा खडा दाढेत धरतो, कोणी भुईरिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घेतो. अशा दुःखितांची सेवा ज्यांनी जन्मभर केली, आणि त्या सेवेच्या द्वारे एका परक्या लोकांचा विश्वास संपादन केला, त्या जॉर्ज लेस्ली मॅके यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मॅकेसाहेबांचा जन्म ता. २१ मार्च १८४४ रोजी कॅनडा देशातील ओंटारियो प्रांतात, झोरा नावाच्या गावी झाला. मिरजेचे मिशन हॉस्पिटल ज्यांनी १८९४ साली उघडले, ते डॉ. वॉन्लेस हेही पुढे याच प्रांतात जन्मले. मॅके यांचे आईबाप स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील गरीब शेतकरी होते. तेथील जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना घरादारांतून हुसकून लावले, तेव्हा ते समुद्र ओलांडून कॅनडात आले व रान तोडून त्यांनी शेती केली. सहा भावंडांत जॉर्ज हे शेंडेफळ. ते प्रथम शाळामास्तर झाले; पुढे टोरोंटो व प्रिन्स्टन येथे त्यांनी धर्मशिक्षण घेतले. त्यानंतर ते एडिंबरो येथे गेले. तेथे कलकत्त्याचे प्रख्यात मिशनरी डॉ. अलेक्झांडर डफ हे त्या वेळी अध्यापक होते, त्यांच्यापाशी मॅके यांना शिकावयास मिळाले. १८७१ साली कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळीने त्यांना परदेशी पाठविले आणि ता. ९ मार्च १८७२ रोजी ते फॉर्मोसा बेटाच्या उत्तरेकडील तामसुई बंदरात उतरले. या बेटास आज तैवान म्हणतात.

तेथे त्यांना कोणी ओळखत नव्हते व भाषेचे एक अक्षर येत नव्हते. लोक परदेशी मनुष्यास रानटी म्हणून हिणवीत. मॅकेसाहेब डोंगराच्या उतारावर म्हशी राखणाऱ्या पोरांमध्ये जाऊन बसू लागले. पोरे आरंभी भ्याली, मग हसली, मग बोलू लागली. आणि पंडितांची भाषा शिकण्यापूर्वी साहेब गुराख्यांची भाषा शिकले. थोड्याच दिवसांत आ-ह्वा नावाचा एक तरुण, बुद्धिमान गृहस्थ त्यांच्याकडे येऊन वादविवाद करू लागला. तोच त्यांचा पहिला शिष्य झाला. १८७३ च्या फेब्रुवारी महिन्यात पाच जणांचा बाप्तिस्मा झाला, त्यांत आ-ह्वा होता. मॅकेसाहेबांनी पाठशाळेची इमारत होण्याची वाट पाहिली नाही. शिष्यांस बरोबर घेऊन ते अनवाणी गावोगाव हिंडत, आणि वडाच्या सावलीत, समुद्राच्या काठी किंवा वाटेवरच त्यांना शिकवीत.

याच १८७३ साली एक लहानशी गोष्ट घडली, आणि तिच्यापासून पुढील सर्व कार्याला वळण लागले. मॅकेसाहेब व त्यांचे शिष्य एका शहरातून बाहेर पडत होते. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी सरकारने दहाबारा शिपाई पाठविले होते व ते दिवसभर पाळतीवर होते. त्यांतील एक शिपाई दातदुखीने हैराण झालेला दिसला. दातात किडा शिरून तो कुरतडतो आहे, असे त्याचे म्हणणे पडले. साहेबांपाशी दात काढण्याचे कोणतेच हत्यार नव्हते. त्यांनी त्याचे तोंड तपासले, कठीण लाकडाचा एक तुकडा घेतला, तो हवा तसा तासला आणि त्याने तो दात उपटून काढला. शिपायाच्या डोळ्यांतून आनंदाची आसवे गळू लागली. पुष्कळ वर्षांनी असेच काही शिपाई मॅकेसाहेबांस शिव्या देत असता एक उंच अंमलदार पुढे झाला व त्याने त्यांना दटावले. तो हाच दातदुख्या शिपाई होता. जो पाळतीवर आला होता तो पाठीराखा झाला.

वाचकांनी असे समजू नये की, त्या बेटावर दात काढणारा कोणी नव्हता. दात काढीत, परंतु ती रीत फार निर्दय होती. कोणी दाताला बळकट दोरी बांधून हिसका देई, कोणी कात्रीच्या पात्याने तो उकरून काढी. फिरते वैदू सांडशीने ओढीत. त्यामुळे कित्येकांचे जबडे मोडत, रक्त थांबत नसे, माणसे मूर्च्छित पडत व क्वचित मरतही. हिवतापाने पोखरलेली शरीरे, सुपारी व तंबाखूचे व्यसन यांमुळे तेथील हजारो लोकांचे दात कुजलेले असत. काळ्या डोक्याचा किडा दात खातो, अशी त्यांची समजूत होती.

या समजुतीला आम्ही हसू नये. आमच्या मराठीत आजही दात किडला असेच म्हणतात, आणि नळीने दातातला किडा काढून दाखविणारे वैदू आमच्या बाजारांतून हिंडत असत. युरोपातही शेकडो वर्षे लोकांची हीच समजूत होती. १७२८ साली फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात तिला विरोध केला. दाताला चिकटून राहिलेल्या गोड व पिष्टमय अन्नावर डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांच्यापासून आम्ल निघते व ते आम्ल दात झिजविते, असे बर्लिनच्या मिलर नावाच्या विद्वानाने १८९० साली स्पष्ट करून दाखविले. म्हणजे मॅकेसाहेबांनी काम सुरू केले तेव्हा दात का कुजतो हे मोठमोठ्या विद्वानांसही नीट उमगले नव्हते. परंतु दुखणारा दात काढला म्हणजे दुखणे राहते, एवढे निश्चित होते.

मॅकेसाहेब हे पदवीधर डॉक्टर नव्हते. वैद्यकाचे त्यांना थोडेबहुत शिक्षण मिळाले होते, एवढेच. त्यांचा पहिला चिमटा एका गावच्या लोहाराने त्यांच्या सांगण्याप्रमाणे ठोकून दिला. चांगल्या बनावटीची हत्यारे न्यूयॉर्कहून पुढे आली. कामाची पद्धत साधी होती. गावात शिरले म्हणजे ते मोकळ्या जागी, पुष्कळदा देवळाच्या दगडी पायऱ्यांवर उभे राहत. एकदोन गीते गात, मग दात काढावयास लागत, आणि सर्व झाल्यावर शुभवर्तमान सांगत. रोगी उभाच असे. एका तासाच्या आत शंभर दात काढण्याचे प्रसंग अनेकदा आले. आपल्या हाताने २१,००० हून अधिक दात काढल्याचे त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे.

त्यांच्या पद्धतीतील दोन गोष्टी आम्हांस विशेष विचार करण्याजोग्या वाटतात. पहिली ही की, काढलेला दात ते रोग्याच्या तळहातावर ठेवीत. स्वतःजवळ एकही ठेवीत नसत. परदेशी मनुष्य आमचे दात नेऊन काही जादूटोणा करील, असा संशय लोकांत सहज पसरला असता. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या भयाची थट्टा न करता त्या भयाला जागाच राहू न देणे, हे प्रेमाचे लक्षण होय. आपले हेतू शुद्ध आहेत एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. ते लोकांस दिसलेही पाहिजेत, याची त्यांनी काळजी घेतली.

दुसरी गोष्ट ही की, ही विद्या त्यांनी आपल्या मुठीत ठेवली नाही. त्यांचे शिष्य चिमटा चालविण्यात तरबेज झाले. साहेबांनी जितके दात काढले त्याच्या निम्म्याच्या आसपास या देशी उपदेशकांनी काढले. ज्या खेड्यात साहेब वर्षातून एकदा येत, तेथे उपदेशक बाराही महिने राहत असे. आणि मध्यरात्री ज्याची दाढ ठणके तो त्याचेच दार ठोठावी.

मॅकेसाहेबांचे स्वतःचे मत असे होते की, लोकांचा विरोध मोडण्यास दात काढण्याइतके उपयोगी दुसरे काही ठरले नाही. ताप औषधाने उतरला तरी तो देवाच्या नवसाने उतरला असे पुजारी सांगू शकत; पण दात कोणाच्या हाताने निघाला याविषयी वाद घालण्यास जागा नसे. रोग्याच्या तळहातावर साक्ष पडलेली असे.

असे असले तरी, सेवा केली म्हणजे विरोध लगेच थांबतो असे मात्र नाही. बांगका नावाच्या मोठ्या व्यापारी गावात त्यांनी १८७७ साली घर भाड्याने घेतले, तर जमावाने ते घर मोडून टाकले. ते पुन्हा तेथे गेले व पुन्हा बांधकाम केले. १८८४ साली फ्रेंच व चिनी यांचे युद्ध झाले, तेव्हा परदेशी धर्माचे म्हणून अनेक प्रार्थनामंदिरे लोकांनी जमीनदोस्त केली व ख्रिस्ती कुटुंबांस लुटले. शांतता झाल्यावर सरकारकडून १०,००० डॉलर भरपाई मिळाली व मंदिरे पूर्वीपेक्षा उंच व भक्कम अशी उभी राहिली. आणि ज्या बांगका गावाने घर मोडले होते, त्याच गावच्या पुढाऱ्यांनी १८९३ साली मॅकेसाहेब रजेवर जाण्यास निघाले तेव्हा त्यांना पालखीत बसवून वाद्यांच्या गजरात मिरवत नेले. मधल्या सोळा वर्षांत त्या गावच्या किती घरांतील दाढदुखी थांबली असेल, हे वाचकांनी मनात आणावे.

इमारतींकडे पाहिले तर त्यांतही अनेक हात दिसतात. तामसुई येथील पहिले रुग्णालय १८८० साली बांधले गेले, ते डेट्रॉइट शहरातील एका विधवा बाईने आपल्या पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून. तिचेही आडनाव मॅके होते, म्हणून त्यास मॅके रुग्णालय असे नाव पडले. उपदेशक तयार करण्याची पाठशाळा १८८२ साली उघडली; तिच्यासाठी साहेबांच्या जन्मजिल्ह्यातील शेतकऱ्यांनी व मंडळ्यांनी ६ हजारांहून अधिक डॉलर जमविले. दोन वर्षांनी मुलींची शाळा निघाली. १८७८ साली मॅकेसाहेबांनी एका तैवानी खेड्यातील कन्येशी विवाह केला होता. ज्या घरांत परपुरुषास प्रवेश नव्हता तेथे ही बाई गेली, व स्त्रियांमधील कार्य तिच्यामुळेच वाढले. १८९५ च्या सुमारास उत्तर फॉर्मोसात ६० मंडळ्या उभ्या होत्या व प्रत्येकीचा कारभार देशी उपदेशकांकडे होता.

पुढे त्यांच्या घशाला कर्करोग झाला. ज्यांनी हजारो मुखांची वेदना शमविली त्यांची स्वतःची वाणी बंद झाली. ता. २ जून १९०१ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, ते तामसुई येथे प्रभूमध्ये निद्रिस्त झाले व तेथेच त्यांना पुरण्यात आले. त्यांचे रुग्णालय पुढे तैपेई शहरात नेण्यात आले. १९१२ साली उघडलेले ते मॅके स्मारक रुग्णालय आजही चालू आहे.

आता आमच्या उपदेशक बंधूंसाठी दोन शब्द. हे चरित्र वाचून कोणी उत्साहाच्या भरात हाती पक्कड घेऊ नये. मॅकेसाहेबांच्या काळी जवळपास दुसरा उपायच नव्हता. बधिर करण्याची औषधे खेड्यांत पोहोचली नव्हती व हत्यारे उकळून घेण्याची रीत सर्वत्र रुळलेली नव्हती. आज अशुद्ध हत्याराने धनुर्वात व इतर रोग होतात हे ठाऊक आहे, आणि १९४८ च्या कायद्याप्रमाणे दात काढण्याचे काम नोंदलेल्या दंतवैद्याचेच आहे. धुळ्यास दंतवैद्यकाचे महाविद्यालय आहे. तेव्हा उपदेशकाने करावयाचे ते हे: गाल सुजला असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, तर रोग्यास एक दिवसही घरी न ठेवता दवाखान्यात न्यावे. वाटखर्च नसेल तर मंडळीच्या पेटीतून द्यावा, आणि एकट्या बाईबरोबर मंडळीतील कोणी बाई जावी. दंतवैद्य आपल्या गावी एक दिवस येण्यास तयार झाले, तर मंडळीच्या तरुणांनी जागा झाडावी, पाणी भरावे, चूल पेटवून भांडी उकळावी, व पाड्यांवरच्या लोकांस आदल्या दिवशी जाऊन बोलावून आणावे. जेथे दवाखान्याची खोली बांधावयाची असेल, तेथे ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने आपले दोन दिवसांचे श्रम द्यावेत.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांतच करावयाची आहे. आमच्या पुष्कळ आयाबहिणी दात घासण्याच्या निमित्ताने तंबाखूची मिश्री लावतात, आणि पुरुष तंबाखू व सुपारी गालात धरून ठेवतात. त्याने दात स्वच्छ होत नाहीत. हिरड्या खराब होतात व तोंडाचा कर्करोग होतो. तोंडात पांढरा चट्टा अथवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम दिसली, तर ती दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. लेकरांस रोज दोन वेळा, विशेषतः रात्री निजण्यापूर्वी, दात घासण्याची सवय लावावी.

मॅकेसाहेबांपाशी त्या पहिल्या दिवशी लाकडाचा एक तुकडा होता, आणि समोर आपल्यावर पाळत ठेवणारा एक दुःखी मनुष्य होता. तो शत्रूचा शिपाई आहे हे त्यांनी पाहिले नाही. त्याचा दात दुखतो आहे हे पाहिले. आमच्या मंडळ्यांच्या शेजारी राहणारे, आमच्याकडे संशयाने पाहणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांपैकी कोणाची दाढ आज रात्री ठणकत आहे, याची चौकशी प्रत्येक उपदेशकाने करावी, अशी आमची विनंती आहे.