पाय थकले, तेव्हा देवच निघाला

मार्गशीर्ष वद्य षष्ठी हा महासाधू श्रीमोरया गोसावी यांच्या समाधीचा पुण्यदिन. या निमित्ताने ऐन हेमंतात चिंचवडास पवनेच्या काठी महोत्सव भरतो. पुष्कळदा याच सुमारास आपल्या परिसरातील ख्रिस्ती बांधव नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळ म्हणून पाळतात. दर रविवारी एक मेणबत्ती अधिक उजळीत ते येशूजन्माची वाट पाहतात. पंथ निराळा, उपासना निराळी. परंतु आशेने वाट पाहावी आणि त्या प्रतीक्षेतच शांती लाभावी, हा अनुभव आपल्या भक्तिमार्गासही अपरिचित नाही. मोरयांचे चरित्र त्याची साक्ष देते.

या चरित्राचा आरंभच प्रतीक्षेने होतो. बिदरकडील वामनभट शाळिग्राम आणि पार्वतीबाई हे निपुत्रिक दांपत्य मोरगावी येऊन मयूरेश्वरास शरण गेले. दीर्घ तपश्चर्येनंतर पुत्र झाला, तेव्हा देवाचेच नाव त्यास ठेविले : मोरया. पुढे नयनभारती गोसावी यांचा अनुग्रह त्यांस लाभला व त्यांच्या आज्ञेने मोरयांनी थेऊर येथे चिंतामणीच्या सान्निध्यात बेचाळीस दिवसांचे कठोर अनुष्ठान केले. ताथवड्याच्या गोविंदराव कुलकर्णी यांची कन्या उमाबाई ही त्यांची सहधर्मचारिणी. पुत्र झाला, त्याचे नाव चिंतामणी.

चिंचवडास वास्तव्य असले तरी मोरयांचे चित्त मोरगावी असे. चतुर्थीच्या पूजेसाठी ते तेथवर पायी जात. आजच्या मापाने हे अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते. ऊन, पाऊस, नदीचा पूर, कशानेही नेम चुकला नाही. एकदा पोहोचावयास विलंब झाला आणि मंदिराची दारे बंद झाली होती, अशी आख्यायिका आहे. थकलेले, उपाशी मोरया बाहेर वृक्षाखाली पडून राहिले. ते रागावले नाहीत, परतलेही नाहीत. जाग आली तो दारे उघडी! त्यांनी शांतपणे पूजा केली.

परंतु देह हा देहच. वार्धक्याने पाय अडखळू लागले. जन्मभराचा नेम आता सुटणार काय, या चिंतेने भक्त व्याकूळ झाला. तेव्हा मयूरेश्वराने दृष्टांत दिला की, आता तू शिणू नकोस, मीच तुजकडे येतो. दुसरे दिवशी कऱ्हेत स्नान करताना ओंजळीत गणेशमूर्ती आली, अशी परंपरेची श्रद्धा आहे. तीच मूर्ती चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात विराजमान झाली. आजही भाद्रपद व माघ मासांत मंगलमूर्तीची पालखी मोरगावास जाते.

अखेरीस मोरयांनी पवनाकाठी संजीवन समाधी घेतली. परंपरा ते वर्ष शके १४८३ (इ. स. १५६१) मानते, अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत. समाधीवरील मंदिर मात्र इ. स. १६५८-५९ मध्ये उभे राहिले, असे तेथील शिलालेखावरून कळते.

पिंपरीपासून चाकणपर्यंत आज कारखान्यांचे जाळे पसरले आहे. कोणी रात्रपाळीमुळे दर्शनास मुकतो, कोणी कामाच्या शोधात गाव सोडून येथे दिवस कंठतो, कोणा वृद्ध मातेस उंबरठाही ओलांडवत नाही. नेम मोडला म्हणून अशांचे मन खंतावते. त्यांनी मोरयांचे स्मरण करावे. पाय चालतील तोवर चालणे हे भक्ताचे काम. पाय थकल्यावर उरलेली वाट चालणे हे देवाचे काम. मात्र थकलेल्या पायांनी आळसाचे निमित्त शोधू नये, आणि थकलेल्या मनाने आशा टाकू नये.

म्हणूनच गणेशभक्त जेव्हा मंगलमूर्ती मोरया असा गजर करतो, तेव्हा देवाच्या नामासवे या भक्ताचेही नाव त्याच्या मुखी येते. ज्याने आयुष्यभर देवाची वाट चालली, त्याचे नाव देवाने आपल्या नावाशी कायमचे जोडून घेतले.